शुश्रूषेच्या पदवीचा उंबरठा

दहावीचा निकाल लागला कीं घरोघर एकच खल सुरू होतो. मुलाला कोणत्या शाखेंत घालावें, मुलीचें पुढें काय करावें, याविषयीं ओसरीवर आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वजण आपापलें मत देतात. वैद्यकी, अभियांत्रिकी, हिशेबतपासनिसी यांचीं नांवें निघतात. परिचारिकेच्या विद्येचें नांव मात्र सहसा निघत नाहीं. आणि जिचें नांवहि निघालें नाहीं, त्या विद्येचें दार त्याच बैठकींत, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, मुलीला बंद होऊन जातें. हें कसें घडतें, तें वडील मंडळींनीं वेळींच समजून घ्यावें, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

आमच्या पावस पंचक्रोशींतील एका एकत्र कुटुंबांत आजीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला व त्या दोन वर्षें अंथरुणास खिळून होत्या. घरांत सुना होत्या. तथापि आजीबाईंचें बहुतेक सर्व नातीनेंच केलें. ठरल्या वेळीं कूस बदलणें, पाठीस व्रण होऊं न देणें, औषधाची वेळ न चुकविणें, यांत तिची तत्परता अशी कीं, येणाऱ्या डॉक्टरांनींहि तिला वाखाणावें. बारावी झाल्यावर तिनें शुश्रूषेची पदवी घेण्याची इच्छा बोलून दाखविली. घरच्यांनीं संमति दिली. परंतु चौकशी करतां असें कळलें कीं, मुलगी त्या पदवीस पात्रच नाहीं. विज्ञानासाठीं रोज रत्नागिरीस जाण्यायेण्याची दगदग नको, म्हणून तिला कला शाखेंत घातलें होतें. गुण उत्तम, पण जीवशास्त्र नाहीं. तिचे काका आम्हांस म्हणाले, “मास्तर, जिनें दोन वर्षें आजीची सेवा केली, तिला रसायनशास्त्र कशाला विचारतात?”

प्रश्न मायेपोटीं आलेला होता, म्हणून त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं जे चार गुण असावे, त्यांत दक्षता आहे, रोग्याविषयीं स्नेह आहे, शुचिता आहे. परंतु गणनेस आरंभ होतो तो उपचाराच्या ज्ञानापासून. माया घरांत शिकतां येते. मात्रा घरांत शिकतां येत नाहीं. शिरेंतून द्यावयाचें औषध किती पातळ करावें, रोग्याच्या वजनाच्या मानानें तें किती द्यावें, याचा हिशेब परिचारिकेला कळावा लागतो. दशांशचिन्ह एक घर सरकलें तर मात्रा दहापट होते. प्राणवायूचा दाब समजण्यास पदार्थविज्ञान, संसर्ग कसा पसरतो हें समजण्यास जीवशास्त्र, आणि औषधांच्या वेष्टनांवरील सूचना वाचण्यास इंग्रजी, असा त्या विषयांचा उपयोग आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीचें घराणें सधन होतें, व तिनें हा मार्ग धरूं नये म्हणून घरच्यांनीं पुष्कळ विरोध केला होता. तिनें रुग्णालयांतील मृत्यूंचे आंकडे मांडून सरकारला स्वच्छतेचें महत्त्व पटविलें आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत शिक्षणशाळा काढली. आपल्या देशांत या विषयाचें पदवी-शिक्षण १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें सुरू झालें. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें परिचर्या महाविद्यालय १९६४ सालीं निघालें.

आतां नियम पाहूं. बी. एस्‌सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यास बारावी विज्ञान शाखेंतून झालेली असावी लागते. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून निदान ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकीं १३५ गुण हवेत, आणि इंग्रजींत स्वतंत्रपणें उत्तीर्ण व्हावें लागतें. अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस ही मर्यादा ४० टक्के आहे. प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत वयाचीं १७ वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागतात. शिवाय महाराष्ट्रांत राज्याची सामायिक प्रवेश-परीक्षा द्यावी लागते; तींत याच चार विषयांबरोबर शुश्रूषेकडील कल पाहणारे प्रश्नहि असतात. अधिवासाचा व लागू असल्यास आरक्षणाचा दाखला आयत्या वेळीं धांवाधांव न करतां आधींच काढून ठेवावा. कित्येक मुली विज्ञान शाखेंत असूनहि अडतात, कारण गणित ठेवून त्यांनीं जीवशास्त्र सोडलेलें असतें.

ज्यांची वेळ गेली, त्यांनीं मात्र निराश होऊं नये. जनरल नर्सिंग व मिडवाइफरी या तीन वर्षांच्या पदविकेस कोणत्याहि शाखेची बारावी चालते. ४० टक्के गुण व इंग्रजींत उत्तीर्ण असणें पुरतें. ती पुरी करून परिचर्या परिषदेंत नोंदणी झाल्यावर दोन वर्षांच्या पुढील अभ्यासक्रमानें पदवी मिळते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून विज्ञानाचे विषय घेऊन बारावी पुन्हा देणें, हाहि एक मार्ग आहे. वर सांगितलेल्या मुलीनें पदविकेची वाट धरली आहे. चार वर्षांच्या जागीं तिला पांच लागतील. पण ती पोंचेल.

राहतां राहिला आक्षेप कुळशीलाचा. रात्रपाळी, परक्या रोग्याची अंगसेवा, हें आपल्या मुलींनीं करावें काय, असें अजूनहि कांहीं घरांत हळूच विचारलें जातें. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन काढलें, आणि ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकण्यास स्त्रिया पाठविल्या. त्यांत आपल्याच समाजांतील विधवा होत्या. त्या काळीं निंदा सोसून जें त्यांनीं केलें, त्याची लाज आज आपण कां बाळगावी? कोंकणांतील मोठमोठ्या घरांत आज दोन वृद्ध माणसें आणि बाकीच्या खोल्यांना कुलुपें, अशी स्थिति दिसते. मुलें पुण्या-मुंबईस किंवा त्याहून दूर. आजारपण आलें म्हणजे शिकलेला हात हवा असतो, आणि त्या वेळीं त्या हाताचें कुळ कोणी विचारीत नाहीं. तो हात आपल्या घरचा असला तर त्यांत कमीपणा कसला?

म्हणून आमची वडील मंडळींस एवढीच विनंति आहे. दहावीच्या निकालानंतरच्या बैठकींत मुलीलाहि बसवावें व तिचा कल विचारावा. शुश्रूषेकडे थोडाहि ओढा दिसला, तर रोजच्या प्रवासाची दगदग पत्करून तिला विज्ञान शाखेंत घालावें, व गणितापायीं जीवशास्त्र सोडूं देऊं नये. विज्ञान घेतलेल्या मुलीला पुढें दुसरीकडे वळतां येतें. तेथून इकडे येणें फार कठीण पडतें. इंग्रजीचा पाया कच्चा असेल तर तो त्याच सुटींत घरांतील कोणीतरी पक्का करून द्यावा. दोन वर्षांनंतरच्या पश्चात्तापापेक्षां हें खचित स्वस्त पडेल.