गळकी खिडकी आणि शिकलेला मुलगा

(द्वितीय वर्ष कला)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या घराने ती एका खिडकीपुरती अनुभवली. वार्षिकासाठी लेख द्यायचा ठरला तेव्हा मित्रांनी निसर्ग, मैत्री, आजचा तरुण असे बरेच विषय सुचवले. मी मात्र खिडकीवर लिहीत आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्या अंथरुणात मध्यरात्री पाणी शिरते त्याला तो तसा वाटत नाही.

आमचे घर मालवणच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. भिंती चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौले. वडील मासेमारीला जातात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पश्चिमेकडच्या खिडकीची एक झडप बिजागऱ्यांसकट उखडून गेली. पुढचे काही पावसाळे आम्ही तिथे ताडपत्री बांधून काढले. अखेर एका उन्हाळ्यात पैसे जमले आणि अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायचे ठरले. ठेकेदार आला, टेप लावून माप घेतले, चौरस फुटाचा दर सांगितला आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद पुढे केला. बाबांनी तो माझ्या हाती दिला. "झिला, ह्यां वाचून सांग, काय लिवलाहा ता."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी कागदावरून नजर फिरवली आणि म्हणालो, "ठीक असा." खरे सांगायचे तर त्यातले 'सेक्शन', 'गेज' हे शब्द मला कळले नव्हते. पण कळले नाही असे म्हणण्याची लाज वाटली. बाबांनी सही केली आणि काम संपताच सगळे पैसे मोजून दिले.

जूनच्या पहिल्याच जोरदार पावसात खिडकीच्या खालच्या पट्टीतून पाणी आत आले. आजीची वाकळ भिजली, माझी पुस्तके भिजली. ठेकेदार दोनदा "येतो" म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने फोन उचलला नाही. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

शेवटी वाडीतले एक म्हातारे सुतार मेस्त्री येऊन खिडकी पाहून गेले. अॅल्युमिनियम हा काही त्यांचा धंदा नव्हे. पण पाणी कसे वागते हे त्यांना ठाऊक होते. म्हणाले, "पाणी येवचाच. तेका भायर जावक वाट व्हयी." सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साठते, ते जाण्यासाठी बाहेरच्या बाजूला बारीक भोके असतात. आमच्या खिडकीची भोके सिमेंटने बुजली होती. शिवाय खिडकीखालचा ओटा बाहेर उतरता असायला हवा, तो आत उतरता होता. मेस्त्रींनी भोके मोकळी केली, ओट्याला बाहेरचा उतार दिला, चौकट आणि भिंत यांमधली फट बाहेरून बुजवली. लोखंडी स्क्रू गंजू लागले होते, ते काढून स्टेनलेस स्टीलचे लावले. कारण खाऱ्या हवेत लोखंडाला लागून असलेले अॅल्युमिनियमही लवकर खराब होते. एका दिवसाचे काम! त्यानंतर पाणी आले नाही.

याचा अर्थ जुने ते सारे सोने असा मी काढत नाही. लाकडी खिडकीचीही दुखणी असतात. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दमट हवेत झडप फुगते आणि चौकटीत अडकते. मग आपण भर जुलैमध्ये रंधा मारून घेतो आणि मार्गशीर्षात त्याच जागी बोटभर फट पडते. मेस्त्री सांगतात, पावसात झडप जिथे घासते तिथे पेन्सिलीने फक्त खूण करावी; रंधा दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर, बेताने मारावा. आणि रंग लावताना झडपेच्या वरच्या व खालच्या कडाही रंगवाव्यात. त्या कुणाला दिसत नाहीत म्हणून कोऱ्या राहतात, आणि लाकूड सर्वांत जास्त पाणी तिथूनच पिते.

जुन्या घरांत खिडकीवर खोल पागोळी असे, पुढे पडवी असे. पाऊस खिडकीपर्यंत पोचतच नसे. आज आपण सपाट भिंतीला खिडकी लावतो, वर धड छज्जाही घालत नाही, आणि गळती झाली की दोष काचेला देतो.

मग सगळा दोष ठेकेदाराचा काय? मला तसे वाटत नाही. आपणही चार जणांना दर विचारतो आणि सर्वांत स्वस्त माणसाला काम देतो. दर उतरला की पत्रा पातळ होतो, स्क्रू लोखंडाचे येतात, भोके तपासायला वेळ उरत नाही. आपण दराबद्दल तासभर घासाघीस करतो. पण 'पाणी आत आले तर दुरुस्त कोण करणार?' हा एक प्रश्न विचारत नाही. आमच्या कागदावर दर होता, माप होते. हा प्रश्न नव्हता. तो नाही हे पाहणे माझे काम होते.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच पदवीचे विद्यार्थी आहेत. घरचे लोक आपल्याकडे कागद घेऊन येतात ते मोठ्या विश्वासाने. आपण परीक्षेत कवितेचे रसग्रहण लिहितो, राज्यघटनेची वैशिष्ट्ये लिहितो. पण वडिलांच्या सहीचा कागद वाचता येत नसेल तर ते शिक्षण उंबऱ्याच्या बाहेरच राहिले असे म्हणावे लागेल. १९८६ साली आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. पैसे घेऊन केलेले असे काम त्यात 'सेवा' म्हणून येते. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. पण त्यासाठी हाती पावती हवी. आमच्याकडे तीही नव्हती.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे, वाणिज्य विभाग आहे, मराठी विभाग आहे. सर्वांनी मिळून सोप्या मराठीत एक पानाचा करारनामा तयार करावा. त्यात मालाचा प्रकार आणि जाडी, स्क्रू कशाचे, ओट्याचा उतार, काम पुरे होण्याची तारीख आणि दुरुस्तीची जबाबदारी एवढेच असावे. आणि ठळक अक्षरांत एक अट असावी: थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस झाल्यावरच द्यायची. प्रामाणिक ठेकेदाराला या कागदाचे भय नाही. उलट स्वस्ताईच्या स्पर्धेत त्याला तो आधारच होईल.

आमची भिजलेली पुस्तके उन्हात वाळवली, पण पाने फुगलेलीच राहिली. अभ्यासाला बसलो की ती दिसतात. परवा बाबांनी होडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीचा कागद आणून माझ्यासमोर ठेवला. या वेळी मी तो दोनदा वाचला, आणि जे कळले नाही ते कळले नाही असे स्पष्ट सांगितले. मग आम्ही दोघे जाऊन विचारून आलो.