पहिली गाय डोंगराला झेपणारी घ्या, फोटोतली नको



आज जरा कडू लिहितोय. मागच्या बाजाराला मोलगीत एक पोरगा भेटला. शिकलेला, हुशार, बापाची तीन एकर उताराची जमीन. म्हणाला, "दादा, दुधाळ गटाचा फॉर्म भरलाय. दोन एच.एफ. येणार. गोठा कसा बांधू?" मी म्हटलं, "गोठ्याचं राहू दे, आधी गाय कोणती ते ठरव." तो माझ्याकडं असा बघायला लागला जणू मी त्याच्या वाईटावर टपलोय.

त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या पंचवीस जणांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे. काठी-मोलगीच्या डोंगरात पहिल्यांदा गाई पाळणाऱ्याला एच.एफ. देणं म्हणजे त्याला कर्ज देणं आहे, गाय नाही. आणि एच.एफ. नको म्हणून गीरच्या मागं धावणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे.

हे पुस्तकात वाचून बोलत नाही, माझंच उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पण एक संकरित एच.एफ. आणली. व्यापाऱ्यानं सांगितलं, चौदा लिटर. देवगोईचा घाट चढून टेम्पो काठीला पोचला तेव्हा अख्खा पाडा बघायला जमला होता. पहिला महिना अकरा लिटर दूध निघालं. खोटं का बोलू, छाती फुगली माझी.

मग हिशोब सुरू झाला. दहा लिटरच्या गाईला अंगापुरतं किलो-दीड किलो आणि वर दर अडीच लिटरमागं एक किलो, म्हणजे पाच किलोच्या वर पशुखाद्य रोज. वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कोरडा. पाणी सत्तर-ऐंशी लिटर. आमच्या पाड्यात उन्हाळ्यात बायका झऱ्यावर हंडा भरायला तासभर बसतात. माझ्या बायकोनं एक दिवस विचारलं, "पाणी लेकरांना पाजू का तुझ्या गाईला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दूध निघालं तरी विकायचं कुठं? आमच्या पाड्याला संकलन केंद्र नाही. मोलगीतले चहावाले चार लिटर घ्यायचे. बाकीचं दूध लेकरं प्यायली, शेजारी प्यायले, उरलं ते नासलं. मे महिन्यात गाय धापा टाकायला लागली, दूध पाच लिटरवर आलं. आषाढात गोचीड ताप आला. फोन केला तेव्हा घाटात रस्ता बंद. डॉक्टर तिसऱ्या दिवशी पोचले. त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडं गावं किती आणि माणसं किती! पण गोचीड तापाला तीन दिवस म्हणजे फार झाले. गाय गेली. कानातला बिल्ला आधीच झुडपात तुटून पडलेला, त्यामुळं विम्याचंही अडलं.

त्याच पावसात शेजारच्या काकाची बुटकी लाल गावठी गाय दिवसभर डोंगरावर चरत होती. सकाळी लिटरभर, संध्याकाळी अर्धा लिटर. तिला तोवर सहा वेत झाले होते, आणि तिचे दोन गोऱ्हे आज काकाच्या नांगराला आहेत.

आता मुद्द्याचं बोलू. योजना दूध मोजते. 'दुधाळ गट' हे नावच सांगतं. पण आमच्या डोंगरात गाय म्हणजे आधी बैलाची आई, मग शेणखत, आणि तिसऱ्या नंबरावर दूध. उताराच्या शेतात ट्रॅक्टर चढत नाही. ज्वारी, भगर, उडीद, सगळं बैलाच्या जीवावर. संकरित गाईचा गोऱ्हा म्हणजे वशिंड नाही, उन्हात दम नाही, जू नीट बसत नाही. तो गोऱ्हा घेऊन करायचं काय? 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळं त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणजे निम्मी वासरं जन्मल्या दिवसापासून तोट्यात. हा हिशोब फॉर्मवर कुठं असतो सांगा.

तज्ज्ञ मंडळी म्हणतील, संकरीकरणानंच महाराष्ट्रात दूध वाढलं. बरोबर आहे. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला बाएफ सुरू केली आणि गावोगाव संकरित गाईंनी घरं उभी केली, हे मी नाकारत नाही. पण तिथं उसाचं वाढं होतं, विहीर होती, रस्ता होता, दारात डेअरीची गाडी होती. गाय एकटी येत नाही, तिच्यामागं ही सगळी वरात लागते. आमच्याकडं नवरी आली आणि वरात घाटाखालीच राहिली.

आता गीरवाले. मोबाईलवर भरदार लाल गाय, लांब वळलेले कान, तुपाला हजारोंचा भाव. गीर चांगलीच गाय आहे, वेताला सरासरी दोन हजार लिटरच्या आसपास देते. काठेवाडी लोक ती घेऊन आपल्या खानदेशातही फिरतात. पण त्यांचं बघा. चारा संपला की ते पुढं जातात, गाय चाऱ्याकडं नेतात. आपण दाव्याला बांधून चारा गाईकडं आणणार. शिवाय गीर अंगानं मोठी. आमच्या निसरड्या उतारावर, आषाढाच्या चिखलात ती कशी टिकेल? आणि हजारोंचं तूप घेणारा पुण्या-मुंबईत बसलाय, मोलगीत नाही.

मग घ्यायचं काय?

पहिलं: आपलीच गावठी गाय, निवडून. तिला 'बिनजातीची' म्हणून हिणवणं बंद करा. 2019 च्या पशुगणनेत देशात देशी आणि गावठी गुरं आधीच्या गणनेपेक्षा 6 टक्क्यांनी घटली आणि संकरित-विदेशी जवळपास 27 टक्क्यांनी वाढली. आपण हसतोय त्या गाईच कमी होत चालल्यात.

दुसरं: वळू डांगी. डांगी ही घाटाच्या पावसातली जात. अकोले, इगतपुरी, पेठ, सुरगाणा आणि पलीकडं गुजरातचा डांग. कातडी तेलकट, पाणी अंगावरून ओघळून जातं. खूर काळे आणि कठीण, चिखलात भाताच्या खाचरात दिवसभर ओढणारे बैल. दूध कमी, वेताला सरासरी पाचशे लिटरच्या आसपास, हे आधीच सांगतो. पण आपल्या डोंगराला लागतं ते सगळं तिच्यात आहे. बडवानी-खरगोनकडची निमाडी, तांबडी अंगावर पांढरे ठिपके-पट्टे, ती पण कामाची आणि दगडधोंड्यात चालणारी.

आणि ऐका, दुधाळ गटाच्या योजनेत देशी गाईंच्या यादीत डांगीचं नाव आहे. देवणी आहे, लाल कंधारी आहे, गवळाऊ आहे. आदिवासी लाभार्थ्याला 75 टक्के अनुदान त्या गाईलाही आहे. मग आपल्या डोंगरात एच.एफ.च का चढते? कारण व्यापाऱ्याकडं तीच तयार असते आणि आपण विचारत नाही. विचारा. लेखी मागा. "डांगी मिळत नाही" असं कोणी म्हटलं तर घोटीचा बाजार सांगा, राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन सांगा.

आता नवख्यांसाठी, माझ्या चुकांतून:

सुरुवात दोन गाईंनी करा, पाचांनी नाही. एक दुभती, एक गाभण. वर्षभर चारा स्वतःच्या बांधावरून पुरला तरच तिसरी.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची घ्या. वासरू सोबत हवं. दोन वेळा स्वतःच्या हातानं पिळून बघा, व्यापाऱ्याच्या हातानं नाही. चारही सड चालू आहेत का बघा. उतारावर चालवून बघा, लंगडते का ते तिथंच कळतं.

वळू पाड्यात एकच, चांगला, सगळ्यांनी मिळून पाळायचा. बाकीच्या गोऱ्ह्यांचं वेळेत खच्चीकरण करा, नाहीतर जंगलात कोण कोणावर चढतो काही पत्ता नाही. तीन वर्षांनी वळू बदला, म्हणजे बाप-लेकीचा संकर होणार नाही. कृत्रिम रेतन करायचं तर सकाळी माजावर आलेली संध्याकाळी आणि संध्याकाळी आलेली दुसऱ्या सकाळी भरावी लागते. घाटात रस्ता अडला की ती वेळ हुकते, म्हणून म्हणतो, पाड्याचा वळू हवाच.

पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, वर्षातून दोनदा लाळ-खुरकूत. गावठी गाईला रोग होत नाही हा भ्रम सोडा. 2022 च्या लम्पीत आपल्या गाई पण गेल्या. गावठी गाय चिवट आहे, अमर नाही.

कानातला बिल्ला दर आठवड्याला बघा. माझ्यासारखं नंतर झुडपात शोधत बसू नका.

कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रातली आणि खात्यातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती. जनावर वाटताना माणसाला तीनच प्रश्न विचारा: मे महिन्यात पाणी कुठून आणणार, दूध कोणाला देणार, गोऱ्हा झाला तर काय करणार. तिन्हीची उत्तरं मिळाली तर खुशाल एच.एफ. द्या, मी स्वतः टेम्पोतून उतरवायला येईन. नाही मिळाली तर त्याला डांगी द्या, नाहीतर अनुदान त्याच्याच पाड्यातल्या निवडलेल्या गाईवर द्या.

कोणी म्हणेल, दीड लिटरच्या गाईनं माणूस पुढं कसा जाणार? पहिल्या पिढीत जाणार नाही, खरं आहे. गावठीची कालवड पहिल्यांदा व्यायला चार वर्षं लावते, तेही खरं. पण चांगल्या वळूची कालवड आईपेक्षा बरी निघते, तिची तिच्याहून बरी. आणि या सगळ्या काळात घरावर कर्ज नसतं, शेतात खत पडतं, नांगराला जोडी असते. मेलेली चौदा लिटरची गाय एक थेंब देत नाही.

तो पोरगा परवा घरी येऊन गेला. काकाच्या गाईच्या अंगावरून बराच वेळ हात फिरवत उभा होता. फॉर्म बदलला की नाही ते बोलला नाही, मी पण विचारलं नाही. पण जाताना तिच्या कालवडीचा भाव विचारून गेला.

काका म्हणाला, विकायची नाही.