जी नाकात जात नाही, ती मोहरी कसली?

हल्ली बऱ्या घरांतल्या फ्रिजच्या दारात दिजों मस्टर्डची बरणी असते. पाहुण्यांना ती अशी दाखवतात, जणू काशीहून आणलेली गंगाच. दिजों हे फ्रान्समधलं गाव खरं, पण १९३७ सालच्या फ्रेंच हुकुमानं ते नाव कृतीला बहाल केलं, गावाला नाही. त्यामुळे ‘दिजों’ कुठंही बनते. दाणे बहुतेक कॅनडाचे. २०२१ मध्ये तिथं दुष्काळ पडला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सच्या दुकानांत फळ्या ओस पडल्या. दाणा तरी कोणता? बहुधा आपला वाणी सुटी विकतो त्याच जातीची राई!

तरी दिजोंला मी पास करीन, तिच्यात झणका आहे. अमेरिकी पिवळ्या मस्टर्डला मात्र शून्य. पांढऱ्या मोहरीची पूड, व्हिनेगर आणि रंगाला हळद. पांढऱ्या मोहरीचा तिखटपणा जिभेवरच बसतो, नाकापर्यंत जायची त्याची ऐपत नाही. राईचा अर्क उडतो, म्हणून डोळ्यांत पाणी येतं. बव्हेरियात गोड मस्टर्ड सॉसेजबरोबर खातात, खावोत बापडे. त्यापेक्षा इंग्रजांची पूड प्रामाणिक. गार पाण्यात कालवा, दहा मिनिटं थांबा, मग ती कुणाची भीड ठेवत नाही. आणि मुरलेल्या बंगाली कासुंदीपुढे हे सगळे पोरसवदा.

आपलं काय? मोहरी तेलात तडतडली की आपलं कर्तव्य संपलं. दाणा फुटून त्याला पाणी लागलं, की आतलं एन्झाइम कामाला लागतं आणि तिखटपणा तयार होतो. कडकडीत तेलात ते एन्झाइमच मरतं. फोडणीतली मोहरी खमंग असते, तिखट नसते, आणि आयुष्यभर तेवढीच खाऊन आपण मोहरीचे जाणकार!

जाणकार होत्या त्या मोहरी फेसणाऱ्या बायका. खलात मोहरी, मीठ, पाण्याचा शिपका. रंग फिका पडून फेस येईस्तोवर घोटायचं, तोंड बाजूला वळवून. मग ती दह्यात कालवून काकडीला लावायची. लोणच्यावर फोडणी ओतायची ती पूर्ण गार करूनच. घाईनं गरम ओतणारीला सासू काय म्हणत असे, ते इथं छापण्याजोगं नाही. गोव्यात पिकल्या आंब्यांचं सासव करतात, नारळाच्या वाटणात मोहरी आणि गूळ घालून. गोड घास गिळता गिळता नाकात कळ जाते. असं धाडस दिजोंवाल्यांनी करून दाखवावं.

‘आता फेसायला वेळ कुणाला आहे?’ हे रडगाणं मला सांगू नका. मिक्सरला दोन मिनिटं लागत नाहीत. वेळ आहे, जीभ मेली आहे. लग्नात केटरर गोड दह्यात बुंदी बुडवतो, मोहरीचा कणही न घालता त्याला रायतं म्हणतो, आणि आपण ते दोनदा मागून घेतो.