कसूर कोणाची?

क्षयरोगी औषध अर्ध्यावर सोडतो याचे खापर त्याच्या अज्ञानावर फोडण्याची आपल्या राज्यकर्त्यांची खोड जुनी आहे. सरकारी दप्तरात अशा रुग्णाला वर्षानुवर्षे ‘डिफॉल्टर’, म्हणजे कसूरदार, म्हटले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली हा शब्द टाकला. वृत्ती मात्र कायम आहे.

रुग्णाचे शिक्षण हवेच. दोनएक महिन्यांत खोकला थांबला तरी जंतू शिल्लक असतात, म्हणून सहा महिने औषध चुकवू नये, हे त्याला नीट समजावलेच पाहिजे. परंतु नाक्यावरच्या ज्या मजुराची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याने विश्रांती आणि दवाखान्याच्या खेपा कशाच्या बळावर कराव्यात? आणि २०२४ साली सरकारी केंद्रांतच औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा कसूरदार कोण होते?

कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला क्षय झाला, तर ठरावीक अटींवर ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. असंघटित मजुराला मात्र निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ३३! नोव्हेंबर २०२४ पूर्वी तर ते ५००च होते. रोग एकच; मग न्याय दोन का?

कार्यकर्त्यांनी वस्तीत औषधाची माहिती जरूर सांगावी. पण त्याच सभेत बुडालेल्या मजुरीच्या भरपाईचा ठरावही करावा. मजुरी बुडण्याची भीती कायम ठेवून केलेला उपदेश म्हणजे राज्यसंस्थेने आपली जबाबदारी रुग्णाच्या माथी मारणे होय.