नवे यकृत आणि जुना विषाणू

यकृतारोपणाची शस्त्रक्रिया पार पडली की रोगी रोगमुक्त झाला, अशी सर्वसामान्य समजूत आहे. हिपॅटायटिस सी या विकाराच्या बाबतीत ती खरी नाही. या विषाणूने पोखरलेले यकृत शल्यविशारद काढून टाकू शकतो. परंतु विषाणू केवळ यकृतात नसतो, तो रक्तातही असतो. रक्तातील विषाणूचा आधी नायनाट झालेला नसेल, तर नव्या यकृतात रक्तप्रवाह सुरू झाल्यावर काही तासांतच त्याचा शिरकाव होतो. शिवाय शरीराने परके यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात. विषाणूला मोकळे रान मिळते ते त्यामुळेच. एरवी ज्या विनाशाला वीस-तीस वर्षे लागतात, तो अशा रोग्यांपैकी अनेकांत पाच-दहा वर्षांत घडून येत असे.

या गोष्टीला आपल्या देशात एक वेगळे परिमाण आहे. भारतातील बहुसंख्य यकृतारोपणे जिवंत दात्यांकडून होतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने प्रामुख्याने जवळच्या नातलगांनाच हे दान करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे मुलगा बापासाठी, पत्नी पतीसाठी स्वतःच्या यकृताचा भाग काढून देते. दात्याचे यकृत पुन्हा वाढते हे खरे. तथापि त्याच्या जिवाला असलेला धोका, लहान का होईना, खराच असतो. शस्त्रक्रियेचा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो आणि त्यापायी कुटुंबे कर्जबाजारी होतात. एवढ्या मोलाने मिळालेला अवयव जुन्याच विषाणूच्या स्वाधीन होणे, ही केवळ वैद्यकीय हानी नव्हे.

सुदैवाने आज ती अटळ राहिलेली नाही. १९८९ मध्ये या विषाणूचा शोध लागला. त्या कार्याबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकाळ इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांवाचून दुसरा उपाय नव्हता, आणि आरोपण झालेल्या रोग्यांना ती सोसत नसत. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. पोटात घ्यावयाच्या गोळ्यांनी, बहुधा बारा आठवड्यांत, शंभरांपैकी पंचाण्णवांच्या आसपास रोगी बरे होऊ लागले. आरोपण झालेल्यांतही यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. अमेरिकेत हा उपचार प्रारंभी ८४,००० डॉलरना पडे. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाले आणि येथे तो काही हजार रुपयांत आला. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू करून तपासणी व औषधे विनामूल्य केली.

मग औषध आरोपणापूर्वी द्यावे की नंतर? जिवंत दात्यामुळे शस्त्रक्रियेचा दिवस ठरविता येतो; अशा वेळी प्रकृती झेपत असेल तर आधीच विषाणूचे निर्मूलन करणे श्रेयस्कर. यकृत फारच निकामी झाले असेल तर आरोपण आधी आणि औषध नंतर, हा क्रम स्वीकारावा लागतो. हा निर्णय तज्ज्ञांचाच आहे. या औषधांतील काहींचा टॅक्रोलिमस वा सायक्लोस्पोरिनशी मेळ बसत नाही. रक्तातील मात्रा पुनःपुन्हा मोजाव्या लागतात. बरे झालेल्यासही पुन्हा संसर्ग होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मीरा-भाईंदरसारख्या शहराचा येथे संबंध पोहोचतो. मिठागरांचे आणि पुढे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचे हे गाव २००२ मध्ये महानगरपालिका झाले. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. लोकलने मुंबईला जाणारा येथील कारकून वा शिक्षक अंगावर दुखणे काढतो. आणि हिपॅटायटिस सी हे तर वर्षानुवर्षे दुखतच नाही. जलोदर झाला, रक्ताची उलटी झाली, म्हणजे त्याचा पत्ता लागतो. तोवर आरोपणाखेरीज मार्ग उरलेला नसतो. गोळ्यांनी जे साधले असते, त्यासाठी मग घरातील एका निरोगी माणसाच्या पोटावर शस्त्र चालवावे लागते.

म्हणून खरी लढाई शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर वॉर्डातील दवाखान्यात आहे. या शतकाच्या आरंभी रक्तपेढ्यांत या विषाणूची चाचणी सक्तीची झाली. त्यापूर्वी ज्यांना रक्त चढविले गेले, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांनी एकाच सुईने अनेकांना टोचणाऱ्या दवाखान्यांत इंजेक्शने घेतली वा गोंदवून घेतले, अशांची चाचणी महापालिकेच्या आरोग्य केंद्रांनी आपणहून करावयास हवी. प्रतिपिंडांची चाचणी पुरेशी नाही. ती रोग बरा झाल्यावरही होकारार्थी येते. विषाणूची प्रत्यक्ष मोजणी झाली पाहिजे. भाईंदरचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय या साखळीतील कडी होऊ शकते. आरोपण झालेल्यांच्या नियमित रक्ततपासण्याही घराजवळ झाल्या, तर मुंबईच्या फेऱ्यांतील रोजगार बुडणार नाही आणि तपासणीही टळणार नाही.

२०३० पर्यंत विषाणूजन्य हिपॅटायटिस सार्वजनिक आरोग्यावरील संकट राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. औषध उपलब्ध आहे, ते स्वस्त आहे, सरकार ते फुकट देते. उणीव आहे ती रोग्याला वेळीच शोधून काढण्याची. ती भरून काढण्यास नव्या शोधाची गरज नाही. हाती असलेल्या यंत्रणेने नेमून दिलेले काम केले तरी पुरे आहे.