ताप मुलीचा, सोय कोणाची?



पावसाळा सुरू झाला की महाविद्यालयांच्या फलकावर एक कागद लागतो. फ्लूची साथ आहे, विद्यार्थिनींनी वारंवार हात धुवावेत, गर्दी टाळावी, भरपूर पाणी प्यावे, ताप आल्यास विश्रांती घ्यावी. खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का. या कागदातले एकही वाक्य खोटे नाही. माझे भांडण सल्ल्याशी नाही, सल्ला देणाऱ्यांशी आहे. हात धुवा म्हणतात, तिथल्या बेसिनपाशी साबण नसतो. गर्दी टाळा म्हणतात, त्यांच्याच वसतिगृहात दोघींच्या खोलीत चौघी राहतात. भरपूर पाणी प्या म्हणतात, पण संडास इतके घाण की मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुद्दाम पाणी पीत नाहीत. आणि विश्रांती घ्या म्हणणारेच ७५ टक्के हजेरीचा हिशेब घेऊन दारात उभे असतात!

गेली दहा वर्षे मी मुलींच्या वसतिगृहांत आरोग्य-शिबिरे घेते आहे. फ्लूचा विषय काढला की आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, 'अगं, हुंडा, मारहाण, छेडछाड एवढे प्रश्न असताना सर्दी-तापाचे काय घेऊन बसलीस?' त्यांना मला इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत फ्लू आला आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता त्याच्या दुसऱ्या लाटेने देश झोडपला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका अधिक होत्या. का? कारण त्या आधीच अर्धपोटी होत्या आणि आजाऱ्यांच्या उशाशीही त्याच बसल्या होत्या. विषाणूला बाई-पुरुष कळत नाही. घराला मात्र बरोबर कळते.

ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर ऑगस्ट २००९ आठवा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा-महाविद्यालये बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. तोच विषाणू आज दरवर्षीच्या हंगामी फ्लूमध्ये मिसळून गेला आहे. आपल्याकडे तो पावसाळ्यात जोर करतो, पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोके वर काढतो. म्हणजे नेमका सत्र परीक्षांच्या आणि प्रॅक्टिकलच्या आगेमागे. बहुतेक जणी आठवड्याभरात बऱ्या होतात, हे खरे. पण महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. अशा अंगाला 'साधा ताप' साधा राहत नाही.

आता वसतिगृहाची खोली बघा. फ्लू खोकल्या-शिंकण्यातून आणि बोलण्यातूनही पसरतो, आणि बंद हवेत अधिक पसरतो. म्हणून पहिला उपाय उघडी खिडकी. पण मी पाहिलेल्या कितीतरी वसतिगृहांत रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या कायमच्या बंद आहेत. कुठे खिळे ठोकलेत, कुठे काचांना रंग फासलाय. कारण विचारले तर 'बाहेर टवाळ पोरं उभी राहतात.' छेड काढणार पोरे आणि हवा बंद होणार मुलींची! पुन्हा वर मेसचा नियम, ताट खोलीत न्यायला सक्त मनाई. म्हणजे तापाने फणफणलेल्या मुलीने एकतर शंभर जणींत बसून खोकत जेवायचे, नाहीतर उपाशी झोपायचे. पाणी गरम करायची किटली कुणी ठेवली तर ती जप्त.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची हकिगत सांगते, वसतिगृहाचे नाव घेत नाही. जानेवारीचा महिना. दुसऱ्या वर्षाची मुलगी, आईवडील ऊसतोडीला गेलेले. तीन दिवसांच्या तापानंतर रात्री साडेनऊला तिला धाप लागली. फाटक साडेसातला बंद झालेले. वॉर्डनबाईंचे म्हणणे, पालकांचा फोन आल्याखेरीज फाटक उघडता येत नाही. पालक फडावर, फोन लागेना. सकाळी सहा वाजता मैत्रिणींनी तिला रिक्षात घालून ग्रामीण रुग्णालयात नेले, तेव्हा न्यूमोनिया झालेला होता. मुलगी वाचली. पण हजेरी कमी भरली, टर्म मंजूर झाली नाही. आणि घरी बसलेल्या मुलीला स्थळे यायला किती वेळ लागतो, ते तुम्हा-मला ठाऊक आहे. त्याच संस्थेच्या मुलांच्या वसतिगृहात रात्री ताप आलेला मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर बसून दवाखान्यात जाऊन येतो, त्याला कुणी चिठ्ठी विचारत नाही.

वॉर्डनबाई मनाने वाईट नव्हत्या. 'उद्या काही झाले तर पालक आम्हालाच धरतील,' असे त्या म्हणाल्या. पण त्या रात्री जे 'काही' झाले ते फाटकाच्या आत झाले. मुलगी बाहेर गेली तर जबाबदारी संस्थेची, आणि आत गुदमरली तर नशिबाची, ही कसली जबाबदारी? सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांतच लिहिलेले आहे. फलकावर हा नियम लागलेला मी तरी पाहिला नाही.

'मग आजारी मुलीला सरळ घरी पाठवा,' हा संस्थांचा आवडता उपाय. फ्लूची बाधा लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला होऊ शकते. अशा मुलीला गच्च भरलेल्या एस.टी.त सहा तास बसवणे म्हणजे साथ गावोगाव पोचवणे. आणि घरी तरी काय वाट पाहत असते? भाऊ आजारी पडला तर आई उशाशी बसते. मुलगी आजारी पडली तर 'भाकऱ्या टाक आणि मग पड.' घरातले दुसरे कुणी आजारी पडले तर कॉलेज बुडते तेही तिचेच.

जिथे कुणीच काही करत नाही तिथे खोलीतल्या मैत्रिणी रात्र जागून काढतात, आणि तीन दिवसांनी त्याही आडव्या होतात. मग त्यांच्या सेवाभावाचे कौतुक होते, सावित्रीबाईंचे नाव घेतले जाते. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, हे सगळे सांगतात. त्यांनी रुग्णांना नेण्यासाठी डॉक्टर यशवंतांचा दवाखाना उभा होता, हे कुणी सांगत नाही. त्यांनी आधी सोय उभी केली होती. आजच्या संस्थांना सोय नको, फुकटचा त्याग हवा आहे.

मुलींना काय सांगायचे, तेही नीट सांगू या. ताप, अंगदुखी, खोकला सुरू झाला की मास्क लावा, शक्य तर वेगळ्या खोलीत झोपा, खिडकी उघडी ठेवा. पेज, वरणाचे पाणी, लिंबूसरबत घेत राहा. तापाला पॅरासिटामॉल पुरते, पण दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर हवे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच औषध असते, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. पावसाळ्यात ताप डेंग्यूचाही असू शकतो, म्हणून मनाने ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन नको. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. मेडिकलवाल्याने दिली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, भान हरपणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. दमा, सिकलसेल असलेल्या किंवा गरोदर मुलींनी पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वात उपयोगी पडते. आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच वर्गात परत जावे.

पण हे सारे पाळायचे तर फाटक, मेस आणि हजेरीपुस्तक बदलावे लागेल. म्हणून आपल्या मागण्या अशा :

१. आजारपणाचे दिवस हजेरीतून वगळावेत. पहिल्या तीन दिवसांसाठी विद्यार्थिनीचा स्वतःचा अर्ज पुरेसा मानावा. दाखल्यासाठी डॉक्टरची फी भरायची ऐपत प्रत्येकीची नसते.
२. प्रत्येक वसतिगृहात उघड्या खिडकीची, दोन कॉटची आजारपणाची खोली असावी.
३. आजारी मुलीसाठी फाटक कोणत्याही वेळी उघडावे. आधी दवाखाना, मग पालकांना फोन.
४. मेसने पेज-खिचडी आणि गरम पाणी खोलीत पोचवावे.
५. बेसिनपाशी साबण, स्वच्छ संडास, आणि खिळे काढून जाळी बसवलेल्या खिडक्या.
६. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. ज्यांना धोका अधिक, त्यांचा खर्च संस्थेने किंवा शासनाने करावा.

यातली एकही मागणी अवाजवी नाही. बहुतेकींना पैसाही फारसा लागत नाही, किल्ली फिरवायची दानत लागते.

पुढच्या बैठकीपूर्वी प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या एका तरी मुलींच्या वसतिगृहात जाऊन यावे. खिडकी उघडते का? साबण आहे का? रात्री फाटकाची किल्ली कुणाकडे असते? आजारी मुलीचे ताट कोण आणते? उत्तरे मुलींना विचारून लिहून आणा. त्यावरूनच निवेदन तयार करू आणि ते द्यायला मुलींना बरोबर घेऊनच प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊ.