सोडतीचे बीज उघडे हवे

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांना सारखी मते पडली की ईश्वरचिठ्ठी निघते, चारचौघांच्या डोळ्यांदेखत. केज तालुक्यातल्या नांदूरघाटचा पालक शाळांतल्या आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज करतो, तेव्हा गावात बसून त्याला सोडतीचा फक्त निकाल कळतो. चिठ्ठ्यांची बरणी आता आपण प्रोग्रॅमर मंडळी लिहितो; ती कशी हलवली हे दाखवणेही आपलेच काम. सोडतींत घोळ होतो असा आमचा आरोप नाही. घोळ झाला नाही हे कोणालाही पडताळता यावे, एवढेच म्हणणे आहे. रँडम फंक्शन नशीब काढत नाही, बीजाच्या म्हणजे सीडच्या आकड्यावरून ठरलेल्या सूत्राने आकडे काढते. बीज तेच, तर क्रमही तोच. घड्याळातले सेकंद बीज म्हणून घेतले आणि सोडतीचा तास ठाऊक असला, तर तपासायच्या शक्यता अवघ्या ३,६००. ३२ बिटांच्या बीजातून फार तर ४२९ कोटी क्रम निघतात. तेरा अर्जांचेच क्रम होतात ६२२ कोटींवर. म्हणजे तेरा मुलांच्या यादीतही कित्येक क्रम कधीच निघणार नाहीत.

मग चिठ्ठ्याच बऱ्या, असे कोणी म्हणेल. १ डिसेंबर १९६९ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांच्या कुप्या बरणीतून हातानेच काढल्या. त्या नीट ढवळल्या नव्हत्या, म्हणून वर्षअखेरच्या तारखा प्रमाणाबाहेर आधी निघाल्या. डोळ्यांदेखत झाले म्हणजे न्याय्य झालेच, असे नाही. दुसरी शंका अशी, की बीज जाहीर केले तर निकाल आधीच काढता येईल. त्यावर उपाय क्रम पाळण्याचा. आधी अर्ज क्रमांकांची यादी गोठवून तिचा हॅश आणि कोड प्रसिद्ध करावा. मग सर्वांसमोर साधा फासा पन्नास वेळा टाकावा. तेवढ्यात सुमारे १२९ बिटांचे बीज मिळते. त्यावर क्रिप्टोग्राफिक जनरेटर चालवून फिशर-येट्स पद्धतीने यादी पिसावी. नांदूरघाटात हे तपासणार कोण, हा तिसरा प्रश्न. प्रत्येकाने तपासायची गरजच नाही. गावातल्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या पोराने लॅपटॉपवर तोच कोड चालवला आणि तोच क्रम आला, की झाले. सोडतीचे काम घेताना यादीचा हॅश, कोड आणि फाशाचे आकडे जाहीर करण्याची अट आपणच करारात घालून घ्यावी.